सिएनाचे कॅथेड्रल : उभे राहिलेले आणि अर्ध्यावर थांबलेले

बुधवार

फ्लोरेन्सहून एम्पोलीमार्गे येणारी आगगाडी दीड तासात सिएनाला पोचते. स्टेशन खाली दरीत आहे आणि गाव वर टेकड्यांच्या धारेवर, त्यामुळे एकापाठोपाठ एक सरकते जिने चढून कामोल्लिया वेशीच्या बाजूला बाहेर पडावे लागते. तेथून गावाच्या मध्याकडे जाणारा रस्ता हा मध्ययुगात फ्रान्सकडून रोमला निघालेल्या यात्रेकरूंच्या ‘व्हिया फ्रांचिजेना’ या मार्गाचाच भाग होता. या वाहत्या रस्त्याने सिएनाला व्यापारी आणि पेढीवाले दिले, आणि त्यांच्या पैशातून टेकडीच्या माथ्यावर जे उभे राहिले, ते पाहण्यासाठी आम्ही दोघे आलो होतो. सप्टेंबर महिना निवडण्याचे कारण असे, की कॅथेड्रलमधील संगमरवरी चित्रांची जमीन वर्षातील बराच काळ झाकलेली असते आणि उन्हाळा ते ऑक्टोबरचा मध्य यांदरम्यानच्या ठरावीक आठवड्यांतच ती संपूर्ण पाहता येते.

सामान टाकून संध्याकाळीच कॅथेड्रलच्या चौकात गेलो. हे गावातील सर्वांत उंच ठिकाणांपैकी एक आहे. चौकाच्या एका बाजूला सांता मारिया देल्ला स्काला हे जुने रुग्णालय आहे, जेथे कित्येक शतके आजारी माणसे, वाटसरू आणि टाकून दिलेली मुले यांना आसरा मिळाला. आता तेथे संग्रहालय आहे. दुसऱ्या बाजूला कॅथेड्रलचा दर्शनी भाग. त्याच्या मागे उजवीकडे घंटाघराचा मनोरा दिसतो, पांढऱ्या आणि जवळजवळ काळ्या दिसणाऱ्या गर्द हिरव्या दगडाच्या आडव्या पट्ट्यांचा. काळा-पांढरा ही सिएनाच्या निशाणाचीही जोडी आहे. रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा भाऊ रेमस याचे दोन मुलगे, सेनियस आणि आस्कियस, एका पांढऱ्या आणि एका काळ्या घोड्यावर बसून येथे आले व त्यांनी गाव वसवले, अशी आख्यायिका सांगतात. मनोऱ्याच्या खिडक्या तळाकडे एका कमानीच्या आहेत आणि प्रत्येक मजल्यावर एकेक कमान वाढत जाऊन सर्वांत वर त्या सहा कमानींच्या होतात. त्यामुळे मनोरा वर जाताना हलका होत गेल्यासारखा दिसतो, आणि बांधकामाच्या दृष्टीनेही तो खरोखर हलका होत जातो.

दर्शनी भाग दोन हातांनी आणि दोन काळांत घडलेला आहे, हे थोडा वेळ पाहिले की लक्षात येते. खालचा अर्धा भाग, म्हणजे तीन खोल दारे आणि त्यांवरील कोरीव कमानी, जिओव्हान्नी पिसानो या शिल्पकाराच्या देखरेखीखाली साधारण 1284 ते 1297 या काळात झाला. जिओव्हान्नी मूळचा पिसाचा. सिएनाने त्याला नागरिकत्व दिले आणि करातून सूटही दिली. प्रेषित, सिबिल म्हणजे भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, आणि त्यांच्या पंक्तीला चक्क प्लेटो, अशा मूर्ती त्याने या भिंतीवर उंच ठेवल्या. त्या माना पुढे काढून, अंग वळवून जणू चौकातील माणसांशी वाद घालत आहेत. खालून पाहणाऱ्याला चेहरा दिसावा म्हणून त्याने मुद्दाम माना ताणल्या, असे म्हणतात. मूळ मूर्ती आता संग्रहालयात असून येथे प्रतिकृती आहेत. वरचा अर्धा भाग जिओव्हान्नी दि चेक्को याच्या हातचा, 1376-77 मधला. त्याची उभी रेषा खालच्या उभ्या रेषेवर येत नाही. वरच्या गोल खिडकीच्या दोन्ही बाजूंचे खांब खालच्या दारांच्या रचनेची दखल न घेता आपापल्या जागी उभे आहेत. त्रिकोणी शिखरांतील चकचकीत मोझेक (बारीक रंगीत तुकडे जोडलेली चित्रे) तर 1878 मधले, व्हेनिसच्या कारागिरांचे. मावळत्या उन्हात सर्वांत आधी डोळ्यांत भरतात तेच, आणि सर्वांत कमी पाहण्यासारखेही तेच. खालच्या आणि वरच्या भागांत जवळजवळ ऐंशी वर्षांचा खंड का पडला, याचे उत्तर उजव्या अंगाला उभ्या असलेल्या एका प्रचंड एकाकी भिंतीशी जोडलेले आहे. तिकडे सर्वांत शेवटी जायचे आम्ही ठरवले.

गुरुवार

सकाळी दार उघडताच आत गेलो. बाहेरचे पट्टे आत खांबांवर आणि भिंतींवरही चढलेले आहेत, आणि वर निळ्या छतावर सोनेरी तारे रंगवले आहेत. मधल्या दालनाच्या कमानींवर लांबलचक गलथ्यातून पोपांचे 170 हून अधिक मुखवटे खाली वाकून पाहतात, आणि त्यांच्या खाली 36 सम्राटांची मस्तके आहेत. इतके डोळे आपल्यावर रोखलेले असताना प्रार्थनेत लक्ष कसे लागत असेल, असा प्रश्न पत्नीने विचारला आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परंपरा सांगते, की पोप अलेक्झांडर तिसरा याने 1179 मध्ये येथील चर्चचा अभिषेक केला. आज दिसणाऱ्या इमारतीचा मुख्य भाग मात्र तेराव्या शतकातला आहे आणि 1263 मध्ये घुमटाच्या माथ्यावर तांब्याचा गोळा चढला. या कामाचा कारभार ‘ओपेरा’ नावाची संस्था पाही, आणि तिच्यावर बिशपपेक्षा नगरराज्याचा अधिकार अधिक होता. काही काळ हिशेब आणि देखरेख सान गाल्गानो मठातील सिस्टर्शियन पंथाच्या साधूंकडे होती, कारण ते हिशेबाला चोख आणि नगरातल्या गटबाजीपासून लांब. संस्था आजही आहे. तिकीट तीच देते. येथील प्रत्येक मोठा निर्णय नगरसभेत चर्चेला आला, मतास टाकला गेला आणि कागदावर उतरला, म्हणून या वास्तूचा इतिहास दंतकथेपेक्षा दप्तरातून अधिक कळतो.

घुमटाखाली उभे राहिल्यावर एक विचित्र गोष्ट जाणवते. सर्वसाधारणपणे क्रॉसच्या आकाराच्या चर्चमध्ये दोन भुजा मिळतात तो मधला चौक चौकोनी असतो किंवा अष्टकोनी. येथे तो षट्कोनी आहे, आणि षट्कोनही सारख्या बाजूंचा नाही. त्याच्यावर कोपऱ्यांतील लहान कमानींच्या आधाराने बारा बाजूंचा घुमट बसवला आहे. परिणामी बाजूच्या दालनांतून येणाऱ्या रेषा घुमटाखाली आल्या की गोंधळतात. एखादी कमान तिरकी पडते, एखादा खांब अनपेक्षित ठिकाणी उभा राहतो. आराखडा एकदम ठरवून हे झालेले नाही. बांधता बांधता विचार बदलत गेले, हे त्यावरून उघड होते. पुस्तकी नजरेला हा दोष वाटेल, पण मला तरी या जागेची हालचाल त्या तिरकेपणामुळेच आवडली. चालताना दर दहा पावलांवर खांबांची नवी मांडणी दिसते.

येथील दोन उंच लाकडी काठ्या पाहायला अनेक जण थांबतात. 4 सप्टेंबर 1260 रोजी मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लोरेन्सचा पराभव केला, तेव्हा जिंकलेल्या, निशाण मिरवणाऱ्या लाकडी युद्धगाडीचे हे डोलखांब, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. लढाईच्या आधी सिएनाने आपले शहर ख्रिस्तमाता मारियेच्या चरणी वाहिले होते. विजय मिळाल्यावर ती शहराची राणी झाली आणि कॅथेड्रल हे तिचे घर. पुढील शंभर वर्षांत येथे जो खर्च झाला, त्याच्या मागे ही भक्ती आहे आणि तिच्या शेजारीच फ्लोरेन्सविषयीची ईर्षाही आहे. दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

दुपारचा सगळा वेळ निकोला पिसानोच्या प्रवचनपीठापाशी गेला. निकोला हा जिओव्हान्नीचा बाप. 29 सप्टेंबर 1265 रोजी त्याच्याशी झालेला करार उपलब्ध आहे आणि तो साधू मेलानोने ओपेराच्या वतीने केलेला आहे. निकोलाला दिवसाला 8 सोल्दी (त्या काळची नाणी), त्याचे साहाय्यक आर्नोल्फो आणि लापो यांना प्रत्येकी 6, आणि मुलगा जिओव्हान्नी कामावर आला तर त्याला 4 सोल्दी, असे दर त्यात ठरले आहेत. चार सोल्दीवरचा हाच मुलगा पुढे दर्शनी भागाचा प्रमुख झाला, आणि 6 सोल्दीवरचा आर्नोल्फो दि काम्बियो फ्लोरेन्सच्या नव्या कॅथेड्रलचा पहिला वास्तुकार झाला. 1268 मध्ये पीठ पूर्ण झाले.

पीठ अष्टकोनी असून नऊ खांबांवर उभे आहे. काही खांब सिंहांच्या पाठीवर आहेत, तर मधल्या खांबाच्या तळाशी व्याकरण, संगीत, गणित अशा विद्या स्त्रीरूपात बसल्या आहेत. ख्रिस्तजन्मापासून अंतिम न्यायापर्यंतचे प्रसंग सात शिल्पपटांत कोरले आहेत. निकोलाने काही वर्षांपूर्वी पिसाच्या बाप्तिस्मागृहासाठी असेच पीठ घडवले होते. त्यातील माणसे रोमन शवपेट्यांवरील शिल्पांसारखी भारदस्त आणि सुटी सुटी आहेत. येथे मात्र प्रत्येक पट माणसांनी गच्च भरला आहे. बालकांच्या हत्येच्या प्रसंगात तर आया, सैनिक आणि मुले यांचा असा काही गुंता झाला आहे, की कोणाचा हात कोणाचा हे शोधावे लागते. अंतिम न्यायाला एक पट पुरला नाही म्हणून दोन दिले आहेत. पीठ मुळात याच जागी नव्हते. सोळाव्या शतकात ते येथे हलवले आणि त्याला आजचा जिना जोडला. प्रकाश डावीकडून येतो, त्यामुळे संध्याकाळकडे काही पट अंधारात जातात. पाहायचे असेल तर दुपारपूर्वीच पाहावे.

शुक्रवार

आजचा दिवस जमिनीसाठी राखला होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकातही, या जमिनीवर काम चालले होते. एकूण 56 चित्रे, आणि आराखडे काढणारे सुमारे चाळीस कलावंत. त्यांत पिंतुरिक्कियो सोडला तर जवळजवळ सगळे सिएनाचेच. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीने या जमिनीचे वर्णन आजवर केलेल्या जमिनींत सर्वांत सुंदर, सर्वांत मोठी आणि सर्वांत भव्य असे केले आहे, आणि फ्लोरेन्सच्या बाजूच्या लेखकाने सिएनाला दिलेली ही दाद असल्यामुळे तिचे वजन अधिक.

तंत्र कसे बदलत गेले हे चालता चालता वाचता येते. सुरुवातीची पद्धत साधी: पांढऱ्या संगमरवरावर छिन्नीने रेषा खोदायच्या, भोके पाडायची, आणि त्यांत काळे मिश्रण भरून घासून सपाट करायचे. पुढे वेगवेगळ्या रंगांचे संगमरवर कापून एकमेकांत बसवण्याचे जडावकाम आले आणि पार्श्वभूमी काळी, आकृती पांढरी, वस्त्र लाल किंवा पिवळे अशी योजना झाली. पिवळा दगड सिएनाच्या पश्चिमेकडील मोंतान्योला टेकड्यांतला. सोळाव्या शतकात दोमेनिको बेक्काफुमी याने एकाच रंगाच्या तीन छटांचे संगमरवर शेजारी शेजारी लावून छाया आणि उजेड साधला. घुमटाखालील आणि वेदीजवळील त्याची चित्रे दोरखंडाने राखली आहेत. खडकावर काठी मारून मोझेस पाणी काढतो तो लांब पट्टा 1525 मधला. पाण्यावर ओणवलेल्या माणसांच्या पाठी पाहून हे दगडाचे तुकडे आहेत, रंग नव्हे, असे स्वतःला बजावावे लागते. वेदीसमोरचा अब्राहमाच्या बलिदानाचा प्रसंग 1547 चा.

मात्र माझे मन गुंतले ते मधल्या दालनातील पहिल्या चित्रांत. मुख्य दारातून आत येताच पायाखाली कोणी संत नाही, ख्रिस्त नाही. हर्मिस ट्रिस्मेजिस्टस उभा आहे, इजिप्तचा ऋषी मानला गेलेला, डोक्यावर उंच टोपी, हाती ग्रंथ. आणि त्याच्या खाली तो मोझेसचा समकालीन असल्याचे लॅटिनमध्ये लिहिले आहे. हे जिओव्हान्नी दि स्तेफानोचे चित्र 1488 मधले. दोन्ही बाजूंच्या दालनांत दहा सिबिल आहेत, 1482-83 मधल्या. मूर्तिपूजकांच्या जगातही सत्याची चाहूल लागली होती आणि ती चाहूल ओलांडून माणूस वेदीकडे येतो, असा या मांडणीचा हेतू. ओपेराचा त्या वेळचा प्रमुख आल्बेर्तो आरिंगिएरी याच्या कारकिर्दीत हा बेत आखला गेला. आपल्याकडे ज्ञानाचे निरनिराळे मार्ग एका मंदिरात एकत्र नांदण्याची सवय असल्यामुळे आश्चर्य कमी वाटते, पण पंधराव्या शतकातील चर्चच्या उंबरठ्यावर हे धाडस होते.

पुढे शहराचे चिन्ह असलेली लांडगीण आहे, आणि तिच्याभोवती मित्रशहरांची चिन्हे. सबंध जमिनीत खऱ्या अर्थाने मोझेक म्हणता येईल असे हे एकच चित्र; मूळ चौदाव्या शतकातले, आजचे एकोणिसाव्या शतकात पुन्हा बसवलेले. त्याच्यापुढे पिंतुरिक्कियोचा ज्ञानाचा डोंगर. विवस्त्र दैवगती एक पाय गोलावर आणि दुसरा नावेवर ठेवून उभी आहे, नावेची डोलकाठी मोडलेली, आणि तिने बेटावर सोडलेली माणसे साप-सरड्यांच्या खडकाळ वाटेने वर चढत आहेत. माथ्यावर ज्ञानदेवता बसली आहे. ती सॉक्रेटिसाला ताडाची डहाळी देते, तर दुसऱ्या बाजूला ग्रीक तत्त्वज्ञ क्रेटीस दागिन्यांची टोपली समुद्रात रिकामी करतो. पेढीवाल्यांच्या गावाने कॅथेड्रलच्या जमिनीवर हे चित्र घालून घ्यावे, ही गंमतच म्हणायची.

राहिलेल्या गोष्टी मी भराभर पाहिल्या. डाव्या भिंतीतील पिक्कोलोमिनी वेदीवर तरुण मायकेलअँजेलोच्या चार मूर्ती आहेत. करार पंधरा मूर्तींचा होता, पण मध्येच त्याला फ्लोरेन्सने डेव्हिडचे काम दिले आणि येथील काम चारांवर थांबले. मूर्ती पाहून तो मनापासून येथे नव्हता असेच वाटते. कीजी चॅपेलमध्ये बर्निनीचे दोन पुतळे आहेत. दोनातेल्लोचा कांस्य योहान बाप्तिस्ता, 1457 मधला, रोड, केसाळ चामड्यातला, या सगळ्यांपेक्षा मला अधिक खरा वाटला.

पिक्कोलोमिनी ग्रंथालय मात्र वेगळे प्रकरण. सिएनाचा एनिया सिल्व्हियो पिक्कोलोमिनी 1458 मध्ये पोप पायस दुसरा झाला. त्याच्या ग्रंथसंग्रहासाठी त्याचा भाचा कार्डिनल फ्रान्चेस्को याने 1492 मध्ये कॅथेड्रलला लागून हे दालन बांधायला घेतले आणि 1502 मध्ये पिंतुरिक्कियोला भित्तिचित्रांचे काम दिले. भाचाही 1503 मध्ये पोप झाला आणि 26 दिवसांत वारला. मामाच्या आयुष्यातील दहा प्रसंग भिंतींवर आहेत, काहींची रेखाटने तरुण राफाएलने केली होती, आणि रंग आजही इतके टवटवीत आहेत की काहींना ते भडक वाटतील. कामोल्लिया वेशीबाहेर सम्राट फ्रेडरिक तिसरा आपल्या वधूला भेटतो, त्या चित्राच्या मागे कॅथेड्रलचा घुमट आणि मनोरा ओळखता येतात. ज्या ग्रंथांसाठी हे सगळे केले, ते येथे आलेच नाहीत. काचेच्या पेट्यांत ठेवलेली रंगीत चित्रांची थोरली पुस्तके ही कॅथेड्रलच्या गायकवृंदाची आहेत.

शनिवार

सकाळी संग्रहालय. वरच्या मजल्यावरील एका अंधाऱ्या दालनात चित्रकार दुच्चोची ‘मायेस्ता’ आहे. ऑक्टोबर 1308 मध्ये करार झाला आणि 9 जून 1311 रोजी हे चित्र दुच्चोच्या कार्यशाळेपासून कॅथेड्रलपर्यंत मिरवत नेले. दुकाने बंद होती, घंटा वाजत होत्या, धर्मगुरू, नगराचे अधिकारी आणि लोक मेणबत्त्या घेऊन मागून चालले होते. सिंहासनावर बसलेली मारिया, भोवती संत आणि देवदूत, आणि तिच्या पायाशी लॅटिन ओळ: देवमाते, सिएनाला शांती दे आणि तुला असे रंगवणाऱ्या दुच्चोला आयुष्य दे. चित्रकाराने नगराच्या मागण्याला जोडून आपले मागणे लिहावे, हे त्या काळी सहज घडणारे नव्हते.

चित्राची मागची बाजूही रंगवलेली होती, ख्रिस्ताच्या यातनांचे लहान लहान प्रसंग एकापुढे एक. 1506 मध्ये ते मुख्य वेदीवरून उतरले आणि 1771 मध्ये करवतीने कापून दोन्ही बाजू वेगळ्या केल्या गेल्या. त्यानंतर काही तुकडे विकले गेले. आज ते लंडन, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क येथे आहेत. दोन्ही बाजू आता समोरासमोरच्या भिंतींवर लावल्या आहेत. मारियेच्या चेहऱ्यावर करवतीची इजा अजून दिसते.

याच संग्रहालयात पिएत्रो लोरेन्झेत्तीचे ‘मारियेचा जन्म’ आहे, 1342 मधले. नगराच्या चार संरक्षक संतांसाठी कॅथेड्रलमध्ये चार वेद्या होत्या आणि प्रत्येकीवर मारियेच्या आयुष्यातील एक प्रसंग असावा अशी योजना होती. देवदूत मारियेला ख्रिस्तजन्माची वार्ता देतो ते सिमोने मार्तिनीचे 1333 मधले चित्र आणि अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीचे 1342 मधले मंदिरप्रवेशाचे चित्र याच मालिकेतले. दोन्ही आता फ्लोरेन्सच्या उफ्फीत्सीत आहेत. मोंतापेर्तीच्या वारसांना हे बोचत असणार.

दुपारी तळघर पाहिले. 1999 मध्ये दुरुस्तीची कामे चालू असताना वेदीच्या भागाखाली डबराने भरलेली जागा सापडली. डबर उपसल्यावर सुमारे 180 चौरस मीटर भित्तिचित्रे उघडी पडली, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे दुच्चोच्या भरभराटीच्या आधीची. चौदाव्या शतकात कॅथेड्रल मागच्या बाजूला वाढवताना ही जागा बुजवली होती. सातशे वर्षे उजेड आणि हवा लागली नाही, म्हणून निळा आणि लाल रंग ताजे राहिले. खांबांवरही रंगकाम आहे, आणि ते पाहिल्यावर कळते, की आज आपण ज्या उघड्या दगडी इमारतींना ‘मध्ययुगीन’ म्हणतो त्या मुळात अशा उघड्या नव्हत्या.

त्याच वाढीव भागाखाली, उतारावर, बाप्तिस्मागृह आहे. डोंगर मागे एकदम उतरतो, त्यामुळे वेदीचा भाग लांबवायचा तर त्याच्याखाली दुसरी इमारत उभारणे भाग होते. येथील बाप्तिस्मापात्राचे पट 1417 ते 1431 या काळातले असून याकोपो देल्ला क्वेर्चा, गिबेर्ती आणि दोनातेल्लो यांची कामे त्यावर शेजारी शेजारी आहेत. दोनातेल्लोच्या ‘हेरोदाच्या मेजवानी’त योहानाचे शिर तबकात आणले जाते तेव्हा जेवणारे दोन्ही बाजूंना हटतात आणि चित्राचा मध्य रिकामा पडतो. इतक्या उथळ कांस्यात मागच्या मागच्या कमानींची खोली साधलेली आहे.

संध्याकाळी काम्पो चौकातील नगरसदनात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीची सुशासनाची भित्तिचित्रे पाहिली. सुखी शहराच्या चित्रात डाव्या वरच्या कोपऱ्यात कॅथेड्रलचा घुमट आणि पट्ट्यांचा मनोरा डोकावतो. चित्रांचा काळ 1338-39, आणि 1339 मध्येच याच इमारतीत नगरसभेने तो घुमट पुरेसा नाही असे ठरवले.

रविवार

सकाळी कॅथेड्रलमध्ये उपासना असल्याने आम्ही उजव्या अंगाच्या चौकात आलो. याकोपो देल्ला क्वेर्चाच्या नावाच्या या चौकात आता मोटारी उभ्या असतात. ज्या जागी त्या उभ्या असतात ते एका कॅथेड्रलचे मधले दालन आहे. एका बाजूला उंच गोल कमानींची रांग. तिच्या काही कमानी बुजवून आत संग्रहालय केले आहे, म्हणजे काल ‘मायेस्ता’ पाहताना आम्ही न झालेल्या चर्चच्याच बाजूच्या दालनात होतो. टोकाला ती प्रचंड भिंत, ‘फाच्चातोने’, म्हणजे न झालेल्या चर्चचा थोरला दर्शनी भाग, तिच्यातील खिडकीची चौकट रिकामी.

ऑगस्ट 1339 मध्ये नगरसभेने निर्णय घेतला, की सध्याच्या संपूर्ण चर्चला आडवी भुजा करायचे आणि त्याच्या काटकोनात दक्षिणपूर्वेकडे नवे मुख्य दालन बांधायचे. फ्लोरेन्सने 1296 मध्ये आपल्या नव्या कॅथेड्रलचा पाया घातला होता. हे त्याला उत्तर होते. कामासाठी लांदो दि पिएत्रो या सोनार-वास्तुकाराला नेपल्सहून परत बोलावले. तो 1340 मध्ये वारला आणि काम जिओव्हान्नी द’आगोस्तिनोकडे गेले. 1348 मध्ये प्लेग आला. आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे आन्योलो दि तुरा या बखरकाराने लिहून ठेवले आहे. लोरेन्झेत्ती बंधूंचीही नोंद त्या वर्षानंतर सापडत नाही.

प्लेगने काम थांबवले, असे बहुतेक मार्गदर्शक सांगतात आणि तेथेच थांबतात. मला हे अर्धे उत्तर वाटते. आयुष्यभर बांधकामावर वावरल्यामुळे माझे लक्ष आधी खांबांकडे गेले. एवढ्या रुंद कमानी, एवढे अंतर आणि त्या मानाने इतके सडपातळ खांब! आत मोकळी जागा हवी हा हेतू उघड आहे, पण वरच्या दगडी छताचा बाहेरचा रेटा घ्यायला फारसे काही ठेवलेले नाही. आणि अशा चुका आधी कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या असेही नाही. 1322 मध्येच, मागच्या बाजूच्या वाढीव कामाच्या वेळी, ओर्व्हिएतोचा लोरेन्झो मायतानी आणि इतर तज्ज्ञांच्या समितीने कळवले होते, की नव्या कामाचा पाया खचत आहे, भिंती उंचीच्या मानाने अपुऱ्या आहेत आणि घुमट क्रॉसच्या मध्यावर राहणार नाही. त्यापेक्षा वेगळे, सुंदर, मोठे चर्च बांधावे. सभेने इशारा बाजूला ठेवला, मागचे काम पुरे करत राहिली आणि सतरा वर्षांनी सल्ल्याचा फक्त ‘मोठे’ हा भाग उचलला.

प्लेगनंतर माणसे आणि पैसा दोन्ही आटले हे खरे. तरी सोडून देण्याचा निर्णय लगेच झाला नाही. 1355 मध्ये नऊ जणांचे सरकार कोसळले, ज्याने हे स्वप्न पाहिले होते. त्यानंतर फ्लोरेन्सचा बेंची दि चोने आणि सिएनाचा दोमेनिको द’आगोस्तिनो यांनी पाहणी करून खांब भार पेलण्यास असमर्थ असल्याचे सांगितले, आणि 1357 मध्ये धोकादायक भाग उतरवण्याचा हुकूम निघाला. रोगराई नसती तरी हे खांब टिकले असते असे मला वाटत नाही. फार तर डागडुजीवर आणखी काही वर्षे पैसा गेला असता. दोमेनिको हा जिओव्हान्नीचाच भाऊ, म्हणजे भावाच्या कामावर त्याने हे मत दिले, याचीही दखल घ्यायला हवी.

बुधवारचा ऐंशी वर्षांचा खंड येथे उलगडतो. नवे चर्च झाले असते तर जिओव्हान्नी पिसानोचा दर्शनी भाग आडव्या भुजेचे एक टोक ठरला असता, मग त्याच्यावर खर्च कशाला? नवे काम सोडल्यावरच जुन्याकडे लक्ष गेले आणि 1376 मध्ये त्याचा वरचा भाग हाती घेतला गेला.

संग्रहालयातून फाच्चातोनेवर जायला जिना आहे, गडावरच्या चोरवाटेसारखा अरुंद, आणि वर मोजकीच माणसे एका वेळी सोडतात. भिंतीच्या माथ्यावर उभे राहिल्यावर आराखडा पहिल्यांदा नीट समजतो. समोर जुन्या कॅथेड्रलची लांब बाजू आडवी पडलेली दिसते, मध्ये षट्कोनावरचा घुमट, शेजारी मनोरा, आणि आपण ज्या भिंतीवर उभे आहोत तेथपासून तेथपर्यंतची सगळी मोकळी जागा छपराखाली येणार होती. मागे काम्पो आणि नगरसदनाचा मांजा मनोरा. निर्णय घेणारी सभा आणि तिचा निर्णय एका नजरेत येतात. खाली उतरताना बांधकामाचा छेद जवळून पाहता येतो.

एक गोष्ट त्या सभेने शहाणपणाने केली होती. जुने चर्च न पाडता, वापरात ठेवून, तिने नवे काम पलीकडच्या टोकाला सुरू केले. त्यामुळे 1357 मध्ये तज्ज्ञांचा नकार आला तेव्हा सिएनाजवळ निकोलाचे पीठ, दुच्चोची वेदी आणि 1263 चा घुमट असलेले पुरे कॅथेड्रल शिल्लक होते, आणि ज्या जमिनीची व्हासारीने इतकी वाखाणणी केली, तिचे काम त्यानंतरच्या पिढीने हाती घेतले.